कुणबिणीचा हात

कायद्याचा उगम माणसाच्या अंतःकरणातल्या न्यायबुद्धीत आहे. हे वाक्य मी एकतीस वर्षं, दर नव्या वर्गासमोर, फळ्यावर लिहीत आले. त्याखाली चार पायऱ्यांचा जिना काढायचा: तळाशी रूढी, तिच्यावर पंचायत, मग लेखी संहिता आणि सगळ्यात वर न्यायालय. जिना वर चढतो आणि त्याच्याबरोबर माणूसही चढतो, असं सुचवायचं. मुलंमुली जिना उतरवून घेत, त्यातली हुशार मंडळी पट्टीने रेघा मारत, आणि मी फळा पुसून चहाला जाई. कायद्याचा इतिहास हा विषय परीक्षेत हमखास गुण देतो, त्यामुळे त्यावर कुणी शंका घेत नाही. मलाही शंका नव्हती. मला माहिती होती. कायदा कुठून येतो हे मी अठराव्या वर्षी, भर दुपारी, आमच्याच अंगणात पाहिलं होतं. तो करडईच्या तेलातून येतो आणि त्याला खमंग वास असतो.

आमची वस्ती केंदूरच्या शिवाराच्या कडेला. मातीच्या भिंती, वर पत्रा, पुढे शेणाने सारवलेलं मोठं अंगण, अंगणात एक कडुलिंब आणि त्याखाली आबांची बाज. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांना तीन मुलगे. थोरले तात्या शेती बघत, आणि शेतीपेक्षा जास्त दुसऱ्याच्या बांधाकडे बघत. मधले माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. आठवड्यातून एकदा घरी येत आणि दिवसभर लोकांशी हुज्जत घालून वीट आल्यासारखे गप्प बसत. धाकटा बाळूकाका त्या वर्षीच्या आषाढात काविळीने गेला. पहाटेपासून घरात आवाज चालू होत: पलीकडच्या मळ्यातल्या इंजिनाची पुकपुक, आईची ताकातली रवी, गोठ्यातल्या घंटा, आणि या सगळ्यावर आबांचं खाकरणं. ते खाकरणं हा आमच्या घरातला अलिखित कायदा होता. एकदा खाकरले की चहा. दोनदा खाकरले की बायकांनी आत जायचं. जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि ठेचा. पुरुषांना ताटात, बायकांना उरेल त्यात. मी हे सगळं तक्रार न करता खाल्लं, कारण तक्रार करता येते हे मला शिरूरला कॉलेजात गेल्यावर समजलं.

बाळूकाकाची बायको वच्छीकाकू. माझ्याहून सहाच वर्षांनी मोठी, माहेर दौंड तालुक्यातलं कासुर्डी. तिकडे कालव्याचं पाणी, त्यामुळे आमची विहीर पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती म्हणाली होती, "ही हीर हाय का कुनी रडून गेलंय?" हे ती माझ्याशी बोलली, मोठ्यांसमोर तिचा पदर नाकापर्यंत आणि आवाज त्याच्याही आत. तीस माणसांच्या भाकरी ती एका बैठकीत थापायची. तिच्या उजव्या हातावर तव्याच्या चटक्यांचे इतके डाग होते की मी एकदा मोजायला बसले आणि कंटाळून सोडून दिलं. या हाताबद्दल पुढे बरंच बोलणं झालं, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

ओसरीच्या भिंतीवर, दाराच्या बरोबर वर, काचेच्या फ्रेममध्ये एक जुना कागद टांगलेला होता. मोडीतला. तो आमच्या घराण्याचा मान. आमच्या कुणा पूर्वजाने पाटीलकीच्या भांडणात उकळत्या तेलातून रवा काढला, हाताला फोड आला नाही, आणि पाटीलकी आमच्या घरात आली, असं त्या कागदात आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि तो वाचता कुणालाच येत नव्हता. रवा म्हणजे धातूचा बारीक तुकडा हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी मला वाटे की पूर्वजाने शिरा करताना काहीतरी पराक्रम केला असावा. पाटीलकी केव्हाच गेली होती, पण कागद राहिला. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालत. कागदाच्या अगदी वरच्या टोकाला एक छोटा गोल शिक्का होता, त्यावर काचेवरून हळदकुंकू लावत. इतकी वर्षं लावलं होतं की काच तिथे कायमची लाल झाली होती. नवा तलाठी आला की त्याला आधी फ्रेमखाली उभा करत. प्रत्येक तलाठी मान वर करून दोन मिनिटं बघे आणि म्हणे, "अक्षर काय वळणदार आहे!" मग चहा येई.

शिरूरला मी मावशीकडे राहून कॉलेज करायचे. तिथे भूमापन कचेरीतून निवृत्त झालेले एक कारकून शनिवारी दुपारी मोडी शिकवत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. वर्गाला आम्ही सहा जण होतो, गणपतीनंतर तीन राहिलो. अण्णा तपकीर ओढत आणि फळ्यावर आधी एक लांब आडवी रेघ मारून घेत. मोडीत रेघ आधी मारायची, मग अक्षरं तिला खाली टांगायची. "मोडी शिका," ते म्हणत, "पूर्वजांबद्दलचा आदर बेताचा होतो." मी ते विनोद म्हणून वहीत लिहून घेतलं होतं.

त्या दसऱ्याला फ्रेम पुसायला खाली काढली ती मी. हातात घेतल्यावर पहिल्यांदा मला त्यातल्या रेघा दिसल्या. अक्षरं रेघेला टांगलेली नव्हती. शाळेच्या वहीत असतात तशी रेघेवर बसलेली होती. मी थोडा वेळ बघत राहिले. मग फ्रेम फिरवली. अक्षरं रेघेखाली आली. आमच्या घराण्याचा मान, पणजोबांच्या काळापासून, उलटा टांगलेला होता. वरच्या टोकाच्या ज्या शिक्क्याला आम्ही हळदकुंकू लावत होतो तो होता मोर्तबाचा, म्हणजे मजकूर इथे संपला, आता खाली कुणी काही घुसडू नये, हे सांगणारा. आम्ही पिढ्यान्पिढ्या शेवटाची पूजा करत होतो. हसू आलं ते मी दाबलं, कारण पलीकडे आबा होते, आणि एकदा खाकरले होते.

तीन दुपारी लपून मी तो कागद उतरवून घेतला. निम्मा लागला नाही, निम्मा लागला. दोन चुलतभाऊ पाटीलकीसाठी भांडत होते. दोघांनी शपथा घेतल्या, साक्षीदार दोन्हीकडे सारखेच निघाले. मग ठरलं की दिव्य करावं. हात साबणाने धुवावा, नखं काढावीत, आधीचे तीळ आणि व्रण लिहून ठेवावेत, कपाळाला दाव्याचा कागद बांधावा, रवा काढल्यावर हात पिशवीत घालून मोहर करावी आणि तिसऱ्या दिवशी उघडावा. सगळं अगदी व्यवस्थित. आजही मला त्या व्यवस्थितपणाचा सगळ्यात जास्त राग येतो. पुढे एक ओळ होती, ती मी चार वेळा वाचली. आमच्या पूर्वजाने हात घातलाच नव्हता. त्याच्या वतीने घरची कुणबीण, राणी नावाची, उभी केली होती. फोड आला की नाही ती ओळ वाळवीने खाल्ली होती. शेवटी पाटीलकी आमच्या पूर्वजाला, आणि राणीला "लुगडे येक".

अण्णांना मी विचारलं तेव्हा त्यांनी तपकिरीची डबी मिटली. "कुणबीण म्हणजे आज तुम्ही म्हणता तशी कुणब्याची बायको नव्हे," ते म्हणाले. "त्या कागदांत कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई. गुलाम." मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. फ्रेम होती तशीच, उलटी, परत टांगली. भित्रेपणा हा घरगुती संस्कार आहे, तो शिकवावा लागत नाही.

बाळूकाकाचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं, तोवर तात्या कामाला लागले. त्यांचं म्हणणं, बाळूने मरताना आपला वाटा तोंडी त्यांना दिला. काकूला मूल नव्हतं, तेव्हा तिला जमीन हवी कुणासाठी, हा सगळ्यांचाच प्रश्न होता; तात्यांना हवी कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही. तिने फक्त हक्कसोडीच्या कागदावर अंगठा द्यायचा आणि माहेरी जायचं. त्याबद्दल तिला एक इरकली लुगडं मिळणार होतं. ते आणूनही ठेवलं होतं, दुकानाच्या कागदात गुंडाळलेलं, आबांच्या बाजेवर. विधवेला नवऱ्याचा वाटा मिळावा असा कायदा माझ्या जन्माआधीच झालेला होता. पण तो दिल्लीत झाला होता, आणि आमच्या वस्तीवर यायला नीट रस्ता नव्हता. काकूने अंगठा दिला नाही. ती म्हणाली, "मला सही येती, आन् ती मी करत न्हाई." म्हणून दिवाळीच्या आधी पंच बसवले.

पंच पाच. त्यांतले तिघे फक्त मान हलवायला आले होते, त्यामुळे त्यांची नावं सांगत नाही. बोलणारे दोन: सोपानआप्पा, ज्यांचा अंगठा चुना मळून मळून कायमचा पांढरा झालेला, आणि धोंडीमामा, ज्यांना दात नव्हते आणि ऐकूही बेताचंच येई. सकाळची जनावरं बाहेर पडली, अंगणात घोंगडी पसरली. काकू दाराआड उभी, मी तिच्या मागे. वडील त्या दिवशी घरी होते. ते खांबाला टेकून आपल्या पायांकडे बघत बसले. घरात कामाचा पंच एकच होता, तिकिटं टोचायचा, आणि तो त्यांच्या कातडी बॅगेत होता.

तात्यांनी सुरुवात केली. "बाळू जाताना मला म्हनला, तात्या, माझा वाटा तुमचा."

दाराआडून काकू म्हणाली, "ते जाताना दोन दिस बेसूद व्हते. ते बेसुदीत बोलले, का भावजींनी बेसुदीत आयकलं?"

धोंडीमामांनी विचारलं, "काय म्हनती?" कुणी सांगितलं नाही.

मग बेलभंडार आणला. तांब्याच्या ताटलीत बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा. तो हातात धरून खोटं बोललं तर देव निर्वंश करतो. तात्यांनी तो ज्या सहजतेने उचलला तशा सहजतेने मी त्यांना तंबाखूची पुडीही उचलताना पाहिलेलं नव्हतं. मग ताटली दाराकडे आली. काकूने पण उचलला. दोघांचे तळहात पिवळे झाले, देवाने कुणाच्याच बाजूने काही केलं नाही, आणि सोपानआप्पा तंबाखूची पिंक टाकून म्हणाले, "आता खंडोबाची बी पंचाईत झाली म्हनायची."

आबा तीनदा खाकरले. तीनदाचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता.

"ह्या घरातलं भांडान कोर्टात जात न्हाई," आबा म्हणाले आणि फ्रेमकडे हात केला. "ह्या घरात रवा हाय."

"आबा, आता कुठं त्ये..." आप्पा म्हणाले, पण त्यांचं म्हणणं अर्धवट राहिलं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काही आलं होतं. इतरांच्याही आलं. गावात तमाशाचा तंबू लागल्याची बातमी येते तेव्हा माणसं जशी सावरून बसतात, तसे ते सावरून बसले. पाच म्हातारी माणसं, नातवंडं असलेली, एकाला तर मणक्याचा त्रास. सगळी ताठ झाली. पुढे मी जगभरच्या दिव्यांबद्दल वाचलं, कुठे लाल तापलेलं लोखंड, कुठे पाण्यात बुडवणं. प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं की त्या काळी लोकांची अशी श्रद्धा होती. मला त्या ओळीपाशी नेहमी सोपानआप्पांचा चेहरा आठवतो. श्रद्धा नव्हती ती. हौस होती.

"जो मागतो त्यानं काढायचा," आबा म्हणाले. "हिला पायजे ना जमीन?"

तीन दगडांवर कढई चढली. घाण्यावरून नुकतंच आणलेलं करडईचं तेल आईने डब्यातून ओतलं. एक थेंबही सांडला नाही. रव्यासाठी सोन्याचा तुकडा हवा होता. तात्या आत गेले आणि काकूच्या मंगळसूत्रातला मणी घेऊन आले. बाळूकाका गेला त्या दिवशी तोडलेलं, ते त्यांनी जपून ठेवलं होतं. काकू त्या मण्याकडे बघत राहिली. मला वाटतं, तोवर तिला हे सगळं घाबरवण्यासाठी चाललंय असं वाटत होतं.

मग हात तपासायचा म्हणून तिला अंगणात बोलावलं. घोंगडीच्या कडेला बसवलं, आणि आप्पांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. तो त्यांनी लवकर सोडला नाही. उलटा केला, पालथा केला, बोटं उघडली, मिटली, तो चुन्याचा अंगठा तळव्यावरून फिरवला. बाकीचे वाकून बघत होते. आपापल्या घरात परक्या तरुण बाईचं नखही बघणं पाप मानणारी ही माणसं कायद्याच्या कामाला बसली होती, त्यामुळे त्यांना सगळं माफ होतं.  

"च्या मारी," आप्पा म्हणाले, "ह्या हाताला आधीच इतकं चटकं. नवा फोड उठला तर वळखायचा कसा?"

"तुमच्याच भाकरीचं हाईत ते," काकू म्हणाली. "गेल्या जत्रेला चार खाल्ल्या व्हत्या तुमी."

तेल तापायला लागलं होतं. त्याच्या वासाने गोठ्यातलं कुत्रं अंगणात येऊन बसलं. मी पुढे झाले. मला वाटलं, माझ्याजवळ असं काही आहे की ते ऐकल्यावर हे सगळे शरमेने मान खाली घालतील. अठराव्या वर्षी माणसाला शरमेबद्दल फार खात्री असते.

"आबा, रवा आपल्या पूर्वजाने काढलाच नव्हता."

"मंग कुनी काढला? तू?" आबा म्हणाले. सगळे हसले.

"त्याने हात घातलाच नाही. कुणबीण उभी केली. राणी तिचं नाव. कागदात लिहिलंय. आणि तो कागद उलटा टांगलाय."

सगळ्यांनी आधी फ्रेमकडे पाहिलं. मग सोपानआप्पांनी मान एका बाजूला वाकडी केली. मग त्यांच्या शेजारच्याने. थोड्या वेळाने पाचही पंच मान वाकडी करून बघत होते, कुत्र्याला हाक मारल्यावर ते बघतं तसे. मी स्टुलावर चढून फ्रेम काढली, सरळ करून आबांपुढे धरली आणि ती ओळ बोट ठेवून वाचली. आबांनी डोळे बारीक करून ती ओळ पाहिली. मला वाटलं, झालं.

"कुणबीण," आबा सावकाश म्हणाले. "कुणबीण म्हंजी कुणब्याची बायकू. म्हंजी घरातलीच सून की!" त्यांचा चेहरा उजळला. "आयकलं का आप्पा? आमच्या घरात रवा सुनंनंच काढलाय. रीतच हाय ती. लेखी."

कॉलेजात मी पूर्वदाखला, म्हणजे जुन्या निवाड्याचा आधार, ही संकल्पना दोन तासांत शिकवायचे. खरं तर तेवढा वेळ लागत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एक पूर्वदाखला जन्माला आला, आणि सुईण मीच होते. एवढा वेळ फक्त हौस होती; मी तिला पुरावा आणून दिला होता.

"नाही आबा," मी ओरडलेच, "त्या वेळी कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई! गुलाम!"

"मास्तरीनबाई, आमा कुणब्यांना कुणबीण शिकवू नगा."

आप्पा समजुतीने म्हणाले, "आन् इकत घेतली म्हनून काय झालं? घरातलीच की ती बी."

 वडील अजून आपल्या पायांकडेच बघत होते. तेल आता गप्प झालं होतं. तेल खरं तापलं की आवाज करत नाही, हे आईने मला शिकवलेलं. तात्यांनी मणी आत टाकला. तो तळाशी बसल्याचा टक् असा बारीक आवाज आला.

काकू उठली. तिने पदर मागे घेतला, आणि पहिल्यांदाच सासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलली.

"इकत घेतलेलीनं हात घालायचा, आसं हाय न्हवं मामंजी? मंग माझी पावती दावा."

"कसली पावती?"

"मला इकत घेतल्याची. न्हाई ना? माझ्याकडं हाय. कासुर्डीला, माझ्या बापाकडं. त्यानं तुमाला हुंडा मोजला आन् वर सायकल दिली. थोरल्या वयनीच्या बापानं बी मोजला, ह्या भावजींसाठी. बैलजोडीसकट. मंग इकत घेतलेलं कोन झालं? मी का भावजी?" ती बाजूला सरकली. "घालू द्या की त्यांना. घरातलंच हाईत ते बी."

 मग धोंडीमामा हसले. त्यांना बाकी काहीच ऐकू आलं नव्हतं, हे नेमकं ऐकू आलं. बोळकं उघडं टाकून, मांडीवर थापा मारत हसले. "तात्या! इकत घेतलाय रं तुला! बैलासंगं!" मग दुसरा हसला, मग तिसरा. आप्पांनी पण हसून घेतलं आणि म्हणाले, "बाकी दाव्यात दम हाय. तात्या, तुमीच घाला मंग. खऱ्याला काय भ्यायचं?"

तात्या दोन पावलं मागे सरले. "मी कशापायी? माझं मूळव्याधीचं औषीद चालू हाय."

यावर जे हसणं झालं त्यानंतर दिव्य होणं शक्य नव्हतं. घाबरलेल्या माणसांचा न्याय करता येतो. हसलेल्या माणसांकडून तो होत नाही. आबा दोनदा खाकरले. बायका आत गेल्या नाहीत. मग ते म्हणाले, "आवस जवळ आली हाय. फुडच्या बैठकीला बगू." तारीख देणं हा कोर्टाचा शोध नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

पण पंच उठेनात. कढईकडे बघत होते. आप्पा म्हणाले, "नवं तेल हाय. वाया कशाला?" आईने झाऱ्याने मणी काढून काकूच्या हातावर ठेवला, फुंकर मारून. मग बेसन भिजवलं, कांदा चिरला, आणि त्याच तेलात, त्याच जाळावर भजी झाली. पाच पंचांनी घोंगडीवर बसून ती खाल्ली, वर चहा घेतला, आप्पांनी मिरची मागून घेतली. तात्यांनी पण खाल्ली. वडिलांनी खाल्ली. काकूने हात लावला नाही. ती आत ट्रंक भरत होती. मी चार खाल्ली. कुरकुरीत होती. आजही कुठे करडईच्या तेलाचा वास आला की मला उमासा येतो, पण तो त्या पंचांमुळे येतो की त्या चार भज्यांमुळे, हे मी अजून ठरवलेलं नाही.

निघताना काकूने मला एकच काम सांगितलं. "तो कागद मला सरळ लिवून दे. समद्यांना वाचता येईल आसा." मी आता न लपता तिथेच वहीत उतरवून दिला. दोन गाड्या बदलून ती यवतला पोचली, तिथून चालत कासुर्डीला, आणि पुढच्या महिन्यात तिने दावा लावला. अकरा वर्षं ती तारखांना येत राहिली, दर वेळी डब्यात भाकरी घेऊन. तात्यांनी दहाव्या तारखेपर्यंत वकील बदलला होता. शेवटी तिला तिचा वाटा मिळाला, विहिरीकडची बाजू. तिने तिथे दोन खोल्या बांधल्या, शेवंती लावली, आणि मरेपर्यंत आमच्या घराकडे पाठ करून राहिली. तिचं दार मुद्दाम पलीकडच्या अंगाला होतं. त्या दिवशीचं लुगडं बाजेवरच राहिलं होतं. पुढे ते आईला मिळालं. आईने ते नेसलं, कारण ते चांगलं होतं.

फ्रेम मी सरळ टांगून गेले होते. पुढच्या गुढीपाडव्याला आले तर ती पुन्हा उलटी. तात्या म्हणाले, शिक्का खाली गेला की हळदकुंकू लावायला वाकावं लागतं. आता चुलतभावाच्या बंगल्यात हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, दिव्यांच्या माळेत ती आहे. उलटीच आहे.

निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी मी त्या दाव्याच्या कागदांची नक्कल मागवली. वाटलं, शेवटच्या वर्गाला जिन्याऐवजी खरी गोष्ट दाखवावी. निकालपत्र चार पानांचं निघालं. त्यात दिव्य नव्हतं, तेल नव्हतं, राणी नव्हती, मी काकूला उतरवून दिलेला कागदही नव्हता. हिंदू विधवेचा वारसा आणि कलमं होती, आणि मला ते वाचून बरं वाटलं. तात्यांच्या वकिलाने घराण्याची जुनी रीत शाबीत करायला आमच्या कागदाची झेरॉक्स जोडली होती, फ्रेममध्ये दिसतो तशी काढलेली. त्याबद्दल निकालात एकच वाक्य होतं: सदर दस्त वाचनीय नसल्याने विचारात घेतलेला नाही. मागवलेल्या नकलेत ती झेरॉक्सही आली आहे. मोर्तब वर, मजकूर उलटा, वाळवीची भोकं जिथल्या तिथे. खाली उजव्या कोपऱ्यात, सरळ, निळ्या शाईत शिक्का आहे: "खरी नक्कल".